झापाखालची लाकडं

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली असतात. मी अजून बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझं काम जेमतेम दीड वर्ष चाललं. तेही कॉलेज सांभाळून, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत. या अंकाचे संपादक आमच्या कॉलेजातले सर आहेत. ते म्हणाले, "तू चुलींचं लिही." मी म्हटलं, "सर, चुलींबद्दल लिहायचा अधिकार माझ्या आईला आहे." ते म्हणाले, "मग आईला विचारून लिही." तसंच केलं आहे. तरी चुकलं असेल ते माझं.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. गाव लांज्याच्या पलीकडे. वडील चिऱ्याच्या खाणीवर, आई लोकांच्या आंबा-काजूच्या बागांत कामाला. पहिल्या वर्षाला असताना सरांच्या ओळखीच्या एका संस्थेला फिरायला मुलगा हवा होता. संस्था गावांत कमी धुराच्या चुली बसवायची. बाहेरून लोखंडी पत्रा, आतून विटा आणि माती, लहान तोंड, आणि कौलांतून वर गेलेलं धुराचं नळकांडं. चूल आधी वर्षभर वापरून बघायची. पसंत पडली तर ती त्या घराची, नाही पडली तर संस्था परत नेणार. मी त्या घरी जायचं, घरातली लाकडं तपासायची, चूल पेटवून एका टोपात ठरलेलं पाणी उकळायचं, किती वेळ लागला आणि किती लाकूड जळलं ते फॉर्मवर लिहायचं.

लाकूड तपासायला संस्थेने एक यंत्र दिलं होतं. मुठीत मावेल एवढं, पुढे दोन सुया. सुया लाकडात रुतवल्या की आत किती ओलावा आहे तो आकडा पडद्यावर येतो. वीसच्या आत आला तर लाकूड जाळण्याजोगं. तीसच्या वर गेला तर मी आधीच खिडकी उघडून घ्यायचो.

हे आकड्यांचं काय एवढं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मी असं सांगायचो. ओलं लाकूड चुलीत घातलं की तुमच्या भाताच्या टोपाआधी आणखी एक टोप आचेवर चढतो, तो आपल्याला दिसत नाही. तो लाकडातल्याच पाण्याचा. ते पाणी आटेपर्यंत लाकूड स्वतः तापत नाही, मग भात कुठून शिजणार? जाळ मंद राहतो, आणि मंद जाळातून जे पुरतं जळत नाही ते धूर होऊन बाहेर पडतं. झाड तोडल्या तोडल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. म्हणजे मोळी डोक्यावरून आणणारी बाई निम्मं पाणीच वाहून आणत असते.

जुन्या मातीच्या चुलीत हे कसंबसं भागतं. तोंड मोठं, चार लाकडं जास्त कोंबायची, फुंकणीने फुंकायचं, डोळे पुसायचे. नव्या चुलीला तसं चालत नाही. धूर नळकांड्यातून वर जाताना थंड होतो आणि आतून डांबरासारखा चिकटतो. थोड्याच दिवसांत नळकांडं तुंबतं आणि सगळा धूर तोंडातून उलटा घरात येतो. मग लोक म्हणतात, चूल वाईट. खरं तर लाकूड ओलं असतं. पण लाकूड घरचं असतं आणि चूल संस्थेची, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा हे ठरलेलं असायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. मी "मोजणीसाठी आलोय" म्हणून एका घरात शिरलो, तर तिथल्या आजोबांनी मला टेबलाशी बसवलं आणि पेटीतून सातबाऱ्याचे, नकाशांचे कागद काढले. भावकीतला जुना वाद होता. अर्धा तास मी माना डोलावल्या. शेवटी यंत्र काढून चुलीकडे वळलो तेव्हा ते ओरडले, "लाकडांची मोजणी? सरकारला आता तेवढंच उरलं काय?"

गणपतीपुळ्याला एकांनी घराच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या. बाहेर पाटी, 'चुलीवरचं जेवण'. त्यांनी लाकडं अंगणात उघड्यावर, दिव्यांच्या माळा लावून रचली होती. मी म्हटलं, "काका, समुद्राच्या खाऱ्या हवेत, दवात ही भिजतात. आत घ्या." ते म्हणाले, "आत घेतली तर लोक फोटो कशाचे काढतील?" त्यांचं जेवण मागे गॅसवर व्हायचं. चुलीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, घालून नुसता धूर करायचे, वासापुरता. फॉर्मवर 'धूर' या रकान्यापुढे काय लिहावं मला समजेना. मी 'हवा तेवढा' असं लिहिलं. त्याबद्दल ऑफिसातून बोलणी खाल्ली.

सगळ्यात जास्त शिकलो ते वेळणेश्वरच्या एका आजोबांकडून. त्यांचं सगळं आयुष्य जहाजांवर, इंजिनखात्यात गेलेलं. त्यांनी दोन लाकडं घेतली, एकमेकांवर आपटली. टण्ण वाजलं. म्हणाले, "अठरा." यंत्राने दाखवलं सतरा. दुसरी जोडी आपटली, थप्प वाजलं. "तीसच्या वर. किती वर ते तुझ्या खेळण्याला विचार." बत्तीस आलं. मग त्यांनी मांडीएवढा जाड एक ओंडका पुढे सरकवला. मी सालीखाली सुया रुतवल्या आणि खुशीत सांगितलं, "पंधरा! एकदम सुकं."

"फोड," ते म्हणाले.

मी कुऱ्हाड घेऊन फोडला. आतल्या ताज्या बाजूला सुया लावल्या. सत्तावीस.

"मेल्या, टाकी बाहेरून कोरडी म्हणून आत तेल नाही असं सांगशील काय?"

तेव्हापासून, एक वेळ सोडली तर, मी लाकूड फोडल्याशिवाय कधी मोजलं नाही. याचा मला अभिमान होता. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचाही हात आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

राजापूरहून आत जाणाऱ्या एका एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून अर्धा तास चालत गेलं की एक वाडी लागते. तिथे सुनंदाकाकींचं घर. माझी काही नात्यातली नव्हे, पण पहिल्याच दिवशी "काकी म्हण, मॅडम काय म्हणतोस" असं दटावल्यापासून काकी. घरात ती आणि तिचा नवरा, आप्पा. दोन्ही मुलगे मुंबईला. तिला धुराने खोकला लागायचा, डोळे कायम लाल. बचत गटाच्या बैठकीत संस्थेच्या ताईंनी विचारलं, एकच चूल आहे, कोणाला हवी? तेव्हा काकीने हात वर केला. आईला नंतर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बैठकीत स्वतःसाठी हात वर करणं सोपं नसतं रे." मला तेव्हा ते फारसं कळलं नव्हतं.

आप्पांना ती चूल नको होती. चूल बसवायला काकीने जुनी मातीची चूल मोडली होती, त्यांच्या आईने घातलेली. ते माझ्यासमोर स्पष्ट बोलले, "आमची चूल कधी रुसली नाय. ही शहाणी गणपतीत धुरली, तर गणपतीबरोबर हिलापण पोचवणार. संस्थेला सांग, टेम्पो तयार ठेवा."

काकी आतून म्हणाली, "पोचवा हो. मग मोदक वळायला तुम्हीच बसा."

त्यांच्याकडे गणपतीला मुंबईहून तीसेक माणसं यायची. गौरी जाईपर्यंत रोज दोन वेळची पंगत. चुलीची खरी परीक्षा तीच होती. माझा फॉर्म नव्हे.

गेल्या वर्षी श्रावणात मी तपासणीला गेलो. तीन दिवस, रोज पाणी उकळायचं. संस्थेने सांगितलं होतं की शेवटच्या तपासणीत चूल नापास झाली तर ती परत नेण्याच्या यादीत जाईल. पाऊस लागून राहिलेला. रोजची लाकडं मागच्या पडवीत कडेला होती, पागोळ्यांच्या शिंतोड्यात. फोडून सुया लावल्या तर चौतीस. चूल पेटवली तर स्वयंपाकघर धुराने भरलं. आप्पा दारात उभे राहून नुसते हसले. काकी खोकत होती आणि खोकता खोकता म्हणत होती, "जरा थांबा हो, घेईल ती पेट."

मला फार वाईट वाटलं. चूल चांगली आहे हे मला माहीत होतं. मी पडवीत शोधू लागलो. अगदी आतल्या कोपऱ्यात, भिंतीलगत, खाली दगड घालून उंचावर रचलेली एक रास होती. वर झाप. झाप म्हणजे माडाची विणलेली झावळी. तिच्यावर आणखी एक गोणपाट. झाप उचलला तर आत ऐनाची लाकडं, सारख्या लांबीची, टोकांना चिरा पडलेली, साल सुटलेली. दोन घेऊन आपटली. वेळणेश्वरच्या आजोबांची आठवण यावी असा आवाज. फोडलं, सुया लावल्या, चौदा. एवढा खाली आकडा पावसात मी कुठेच पाहिला नव्हता.

"काकी, ही घेऊ का?"

ती दारात आली. माझ्या हातातल्या लाकडाकडे बघत राहिली. "तीच हवीत काय रे?"

"हीच हवीत. ओल्या लाकडांवर तपासलं तर चुलीवर अन्याय होईल."

तिने पुढे होऊन राशीवरचा झाप सारखा केला. मग म्हणाली, "घे बापडा. तुझं काम हाय." आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

तीन दिवस मी त्या राशीतली लाकडं काढली, पद्धतशीर, मनगटाएवढी बारीक फोडून. पहिल्या दिवशी पाणी उकळलं, तरी खात्री करावी म्हणून आणखी दोनदा उकळलं. कोणी शेजारचं बघायला आलं की पुन्हा पेटवून दाखवली. चूल सुंदर चालली. निळसर जाळ, वर नळकांड्याच्या तोंडाशी जेमतेम एक रेघ. आप्पा दारातून निघून गेले. तिसऱ्या दिवशी रास निम्म्याच्या खाली आली होती. मी फॉर्मवर मोठ्या अक्षरात 'उत्तम' लिहिलं आणि एसटी पकडली.

घरी आईला सगळं रंगवून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"लाकडं कुठची काढलीस?"

"मागच्या पडवीतली. कोपऱ्यात झापाखाली होती."

तिचा हात थांबला. "दगडावर रचलेली?"

"हो."

"गणपतीची लाकडं जाळलीस तू?"

आमच्याही घरी अशी रास असते. मे महिन्यात सगळ्यात चांगली लाकडं निवडून बाजूला रचायची, झाप घालायचा, आणि गणपती येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. घरात आजारी माणूस असलं आणि चूल पेटत नसली तरी नाही. लहानपणी मी त्यातलं एक लाकूड स्टंप म्हणून ओढलं तेव्हा आईने तेच माझ्या पायावर हाणलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण हातात फॉर्म आल्यापासून मला लाकडाचा फक्त आकडा दिसायचा. झाप का घातलाय हे मी विचारलंच नाही. काकीने एकदा विचारून पाहिलं होतं, "तीच हवीत काय रे?" आणि मी तिला न्याय-अन्याय शिकवला होता.

"ती बोलली कशी नाही मला?"

"दारात आलेल्या पोराला काय सांगणार ती? आणि तुझ्या कागदावर तिची चूल अडकलेली." आई उठली. "आता गणपतीला ओली लाकडं घालील, चूल धुरेल, आणि नवरा चूल बाहेर काढील. तू उत्तम लिहून आलास."

गणपतीला बारा दिवस होते. आईने आमच्या राशीवरचा झाप काढला आणि निम्मी लाकडं दोन गोण्यांत भरली. मी म्हटलं, "आणि आपल्याला?" ती म्हणाली, "आपल्याकडे चार माणसं. भागवू."

राजापूर स्टँडवर वाडीच्या गाडीचे कंडक्टर मला ओळखायचे. माझ्या गोण्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काय रे हे?"

"लाकडं."

"यष्टीत लाकडं? आणि जातोस कुठं, तर जंगलात! लोक तिकडून लाकडं बाहेर आणतात, बाबा. तू आत नेतोस?"

गाडीतली माणसं हसायला लागली. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. हसणं थांबलं. मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, गणपतीची जाळलीन?" आणि कंडक्टरनी स्वतः एक गोण उचलून आत सरकवली. लगेजचं तिकीट मात्र फाडलं. नियम म्हणजे नियम.

शेवटच्या थांब्यावर उतरलो तोच पाऊस कोसळला. एक गोण डोक्यावर, ती थोडी पुढे ठेवायची, परत मागे येऊन दुसरी आणायची, असं करत वाडीपर्यंत गेलो. पोचलो तेव्हा गोण्यांतून पाणी गळत होतं. आप्पा पडवीत बसले होते. "लाकडं आणलीस की पाणी?"

मी यंत्र काढून, घाईत न फोडताच, सुया लावल्या. छत्तीस. मला रडूच यायचं बाकी होतं. काकीने माझ्या हातातून लाकूड घेतलं, वजन करून पाहिलं, आणि आप्पांना म्हणाली, "फोडा बघू हे." आप्पांनी कुरकुरत फोडलं. आतली बाजू मी मोजली. सोळा. वरवर भिजली होती, आत सुकीच होती.

"चुलीवरच्या फळीवर टाकते. आजच्या आचेवर उद्याची सुकतील," काकी म्हणाली. "दहा दिवस हायत."

"आणि नाय सुकली तर?" आप्पा म्हणाले.

काकी एकेक लाकूड पुसून फळीवर चढवू लागली. मी काकीची माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आधी डोकं पूस." परतीची गाडी एकच होती, ती पकडायला पळालो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

पुढचं मला कळलं नाही. गणपती झाले, परीक्षा झाली. दिवाळीनंतर संस्थेने राजापूरकडचं काम आटोपलं, फॉर्म पुण्याला गेले, मी यंत्र परत केलं. कोणत्या चुली राहिल्या आणि कोणत्या परत नेल्या ते विचारायला ऑफिसात कोणी उरलं नव्हतं. वाडीला जायला बस होती. धीर नव्हता. स्वयंपाकघरात चुलीची रिकामी जागा आणि काकीचे लाल डोळे दिसले तर काय बोलायचं? एकदा आप्पांच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी "कोण?" म्हणून विचारलं आणि मी फोन ठेवून दिला. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण सर म्हणाले, खरं लिही.

यंदा मे महिन्यात मावशीकडे लग्नाला जाताना राजापूर स्टँडवर उभा होतो. मागून हाक आली, "ए लाकडंवाल्या!" तेच कंडक्टर.

"कुठं असतोस मेल्या? त्या सुनंदाकाकीचा निरोप घेऊन मी आठ दिवस फिरतोय. तू दिसशील तर ना!"

मी विचारलं, "चूल आहे?"

"हाय तर! गणपतीत मी स्वतः जेवून आलो तिथे. भिंत बघितली मी, बोटाला काळं लागत नाय. आप्पा पाव्हण्यांना सांगत होता, लाकूड आधी फोडून बघायचं असतं, वरून काय कळत नाय. जसं काय त्यानेच शोध लावला. संस्थेचा टेम्पो आला होता म्हणे विचारायला, त्याला दारातल्या खळ्यातूनच परत पाठवलान."

मी हसलो की काय केलं मला आठवत नाही. कंडक्टर आपल्या गाडीत चढून घंटीच्या दोरीला हात घालत म्हणाले, "आणि फोन ठेवून देत जाऊ नको. आप्पाने ओळखला होता. तो म्हणाला, असा श्वास घेऊन गप्प बसणारा एकच पोर हाय."

"निरोप काय आहे?"

"अरे हो. या वर्षी त्यांनी दोन राशी रचल्यात. एक गणपतीची. दुसरीवरचा झाप आप्पाने स्वतः विणलाय, ती तुझ्या मोजणीची. तिला घरात कोणी हात लावायचा नाय."